सराव संच क्रमांक चौदा

समजा, तुम्ही आठवीत आहात. समोर एका पानाचा सराव संच आहे, हातात पेन्सिल. पहिला प्रश्न असा: घाटातल्या फाट्यापासून परतवाड्याच्या स्टँडपर्यंत अठरा किलोमीटर अंतर आहे. कुर्बानभाईंची जीप ते छत्तीस मिनिटांत उतरते, नितेशभाऊंची चाळीस मिनिटांत. दोघांचे सरासरी वेग काढा. कोणाचा जास्त?

सोपं आहे. मिनिटांचे तास करायचे आणि अंतराला भागायचं. तासाला तीस आणि सत्तावीस. कुर्बानभाई पुढे. उत्तराखाली रेघ मारून तुम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे वळाल. हा प्रश्न लिहून झाल्यावर शाइस्ताही अशीच पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.

शाइस्ता अचलपूरच्या एका शिंप्याची मुलगी. घरातली पहिली पदवीधर, तीही गणितातली. पुस्तकातले नळ, हौद आणि आगगाड्या तिला लहानपणी कुठे भेटल्या नाहीत. कापडाचं माप मात्र रोज भेटायचं. म्हणून परतवाड्याच्या शाळेत लागल्यावर तिनं ठरवलं, मुलांच्या गणितात मुलांच्या ओळखीची माणसं आणायची. बारा वर्षं ती दर शनिवारी एक संच लिहीत आली. कधी शेंदूरजनाघाटच्या कोणाच्या मामाचे संत्र्याचे क्रेट, कधी स्टँडवरच्या पार्बताबाईंच्या भाजीचा तोटा. नाव घालण्याआधी ती त्या माणसाला विचारायची. ज्याचं नाव येई तो झेरॉक्स मागून नेई आणि दुकानात चिकटवी.

या वर्षीचा चौदावा संच कुर्बानभाईंनी जीपच्या पुढच्या काचेवर लावला.

झालं. नितेशच्या जीपमध्ये बसणारे लोक त्याला दिसेल तिथे टोचू लागले. "काय नितेश, तुह्या गाडीत बसू का पायीच येऊ?" पार्बताबाई म्हणाल्या, "माही मेथी सुकते बाबू तुह्या गाडीत." तो हसायचा. नितेशची मुलगी खुशी शाइस्ताच्याच वर्गात होती. रोज बापाच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून शाळेत यायची. आणि संचातला दुसरा प्रश्न असा होता: आठवडाभर आपल्या प्रवासाची वेळ मोजा आणि रोजचा वेग काढा.

रविवारी शाइस्तानं वह्या तपासायला घेतल्या. खुशीची वही पाहून ती खूश झाली. ही पोरगी आजवर अठराला सरळ चाळीसनं भागायची. या वेळी तिनं मिनिटांचे तास नीट केले होते. छत्तीस मिनिटं, वेग तीस. तीस मिनिटं, वेग छत्तीस. सत्तावीस मिनिटं, वेग चाळीस. चोवीस मिनिटं, वेग पंचेचाळीस. सगळं बरोबर. शाइस्तानं लाल पेनानं खुणा केल्या, खाली 'शाब्बास' लिहिलं आणि वही मिटली.

चहा करताना ते आकडे पुन्हा डोळ्यांपुढे आले. पंचेचाळीस म्हणजे सपाट रस्त्यावर काहीच नाही. पण त्या उतारावर, त्या वळणांवर? तिनं वही परत उघडली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत एक ओळ होती, मघाशी तिनं ती वाचलीच नव्हती. 'वळणावर मी डोळे मिटते, म्हणून एखादा सेकंद चुकू शकतो.'

चहा उतू गेला.

सोमवारी सकाळी ती स्टँडवर गेली. नितेश टपावरचं सामान उतरवत होता.

"नितेशभाऊ, चोवीस मिनिटं?"

"पोरीनं मोबाइलवर मोजले. आता नव्या पेपरात माहं नाव वर घ्या, मॅडम."

"मी तो प्रश्नच काढून टाकते."

"पेपर तुमी काढान. लोकायचं तोंड कोण धरन?"

"गाडीत लेकरं असतात."

"माही पोरगी पुढंच बसते न. मले काय तिची कायजी नाई?"

शाइस्ताला 'बाजी' म्हणणारे कुर्बानभाई मागून ओरडले, "क्या नितेश, बाजी ने फिर फेल किया क्या?" आजूबाजूचे हसले. नितेश हसला नाही. दोरी गुंडाळत तो एवढंच म्हणाला, "उद्या वीस मिनिटांत उतरतो, कुर्बानभाई."

गर्दी पांगल्यावर शाइस्तानं कुर्बानभाईंना तो कागद काढायला लावला. त्यांनी निमूट काढला. काचेवर गोंदाचे चार डाग राहिले.

मधल्या सुट्टीत तिनं पंधरावा संच लिहिला. शनिवारची वाट पाहिली नाही. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. वीसच्या वेगाला सहा मीटर लागत असतील, तर चाळीसला किती? वळणापासून कठडा पंधरा मीटरवर असेल, तर गाडी थांबेल का? आणि शेवटी: तुमची गाडी किती मिनिटांत उतरावी, असं तुम्हाला वाटतं? कारण लिहा. घरच्यांना दाखवून सही आणा.

"हे बाबांजवळ बसून सोडव," तिनं खुशीला सांगितलं. "आणि उद्या बसनं ये."

"बस अकराले येते, मॅडम. हजेरी जाते."

"मी लावते हजेरी."

खुशीनं मान हलवली. मग वही दप्तरात ठेवता ठेवता म्हणाली, "वीस मिनिटं म्हणजे चोपन्न, मॅडम. मी काढून ठेवलं."

मंगळवारी घाटावर धुकं उतरलं होतं. चिखलदऱ्याकडचा डोंगर दिसतच नव्हता. शाइस्ता दहाच्या आधीच स्टँडवर येऊन उभी राहिली. सव्वादहाला एक जीप आली. ती कुर्बानभाईंची होती. खाली उतरून ते इकडेतिकडे पाहू लागले.

"नितेश किधर है, बाजी?"

"अजून आला नाही."

"कैसे नहीं आया? मेरे दस मिनट आगे निकला था." ते थांबले. "रस्ते में कहीं दिखा नहीं."

"खुशी होती गाडीत?"

कुर्बानभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "आगे की सीट पे. कापी खोलके कुछ लिख रही थी."

त्यांनी घाईनं गाडी वळवली आणि दोघा-तिघांना घेऊन परत घाटाकडे गेले. शाइस्ता तिथेच उभी राहिली. फोन लागत नव्हता. मधे आणखी एक फाटा आहे, कोणाला सोडायला गाडी तिथून आत वळली असेल, असं कोणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं. पण तिच्या डोक्यात ते एकच पान होतं, आणि त्यावरचा शेवटचा प्रश्न. गाडी किती मिनिटांत उतरावी, असं तुला वाटतं, या प्रश्नाखाली खुशीनं काय लिहिलं असेल, आणि त्यावर बापाची सही असेल का?