माळाला रिकामं लिहिणार नाही

वनरक्षक म्हणून माझं तिसरं वर्ष होतं. कुंभारीत खोली घेऊन राहायचे आणि रोज स्कूटीवरून माळावर जायचे. माझ्या हद्दीत झाडं थोडी, गवतच फार. एप्रिलमध्ये आदेश आला: पावसाच्या आत माळावर गिरिपुष्पाच्या झाडांसाठी खड्डे घ्या. आराखड्यात माळापुढं लिहिलं होतं, 'रिकामं क्षेत्र'.

मजुरांकडून फक्कीच्या रेघा मारून घेत होते, तर तिथं मेंढ्या चारणाऱ्या मावशी काठी आडवी धरून उभ्या राहिल्या.

"म्याडम, पाय सांभाळा. अंडी हायत की."

मला काहीच दिसेना. त्यांनी काठीचं टोक टेकवलं, तेव्हा माझ्या बुटापासून वीतभरावर, उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी दोन ठिपकेदार अंडी दिसली. पलीकडं एक तांबूस पाखरू थोडं पळत होतं, थबकत होतं. धाविक. प्रशिक्षणात चित्रात पाहिलेला. तीन वर्षं मी त्याच्याच घरात फिरत होते आणि मला पत्ता नव्हता.

"झाडं दाटली की ह्ये जानार," मावशी म्हणाल्या. "काळवीटबी जानार. लांडगा कुटनं येतोय, ते त्याला लांबनं दिसाय पायजे."

मी मजुरांना घरी पाठवलं. ऑफिसात साहेब भडकले.

"आपलं वनखातं आहे, गवतखातं नाही! 'जागा पाहिली, लागवडीस योग्य' असं लिहा आणि सही करा."

मी लिहिलं, 'जागा पाहिली. गवताळ माळ. रिकामा नाही.' आणि त्याखाली सही केली.

दोन दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. आई फोनवर रडली. पण उत्तराला मुदत होती, तेवढ्या दिवसांत मी मावशींबरोबर अख्खा माळ पालथा घातला. घरटी, काळविटांच्या लेंड्यांचे ढीग, गवतांची नावं, सगळं वहीत उतरवलं. ओढ्याच्या काठाला लांडग्याचं बीळ सापडलं.

"ह्यानं माजी दोन कोकरं न्हेली," मावशी म्हणाल्या.

"मग लिहू का नको?"

"लिव्ह की. हाय म्हंजी हाय."

नोटिशीच्या उत्तराला ती वहीच जोडली. पुढं वरचे अधिकारी आले, भर उन्हात मावशींच्या मागून दोन तास चालले. लागवड ओढ्याच्या एका कडेला, बिळापासून लांब, तीही इथल्याच बाभूळ-हिवराची, एवढीच ठरली. माळ मोकळा राहिला आणि नव्या आराखड्यात त्याची 'गवताळ अधिवास' अशी नोंद झाली.

माझी बदली मात्र झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जेऊरकडं. निघताना साहेबांनी बोलावून घेतलं.

"दोन ओळी माफीच्या लिहून द्या. नोटीस मिटवून टाकतो."

"चूक कुठली लिहू, साहेब?"

माफी मी लिहून दिली नाही. नोटीस अजून माझ्या फायलीत आहे. असू दे.