ग्रहणाचा बोल

औंढ्याच्या नागनाथापुढे हात जोडले की माझी मान आजही शरमेनं खाली जाते. घडलं ते सांगते. त्याला काय म्हणायचं, ते मला ठरवता येत नाही.

आमचं गाव डोंगरकड्याजवळ. थोडी शेती आणि शेळ्या-मेंढ्या. लेकाला पहिली मुलगी झाली, गौरी. डोळे तिरपे, नाक बसकं, अंग लोण्यासारखं ढिलं. दवाखान्यात डाऊन सिंड्रोम म्हणाले, नांदेडला तपासण्या करून घ्या म्हणाले. मी जाऊ दिलं नाही. कारण मला ठाऊकच होतं ना! सुनेनं, संगीतानं, दिवस असताना ग्रहणात विळीवर वांगी चिरली होती. उठता-बसता मी तिला तेच ऐकवी. शेळीला अधू पिल्लू झालं तर आम्ही शेळीला बोल लावत नाही, उलट तिच्या पाठीवरून हात फिरवतो. सुनेला मात्र मी एक दिवस सोडलं नाही. ती मान खाली घालून भाकरी थापत राही.

गौरी दूध पिताना दमायची, घामानं भिजायची. देवाचा कोप समजून मी औंढ्याला अभिषेक करायचं ठरवलं. सुनेला मुद्दाम घरीच ठेवलं. रांगेत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून पोरीचं तोंड पदराखाली झाकलं. मनात म्हणत होते, देवा, हिला नीट कर, नाहीतर... पुढचं लिहायला हात धजत नाही.

माझ्या पुढं एक बाई उभी होती. सोबत तिची तरणी लेक, चेहरा थेट गौरीसारखा. ती मोठ्यानं हसत बेलाची पानं पदरानं पुसत होती. बाई वळून म्हणाली, "काहून झाकून राहिल्या लेकराला? जीव गुदमरंल तिचा."

मी पदर बाजूला केला. गौरीचे ओठ निळसर दिसत होते.

"दूध पिताना दमते का?"

"व्हय."

"काळीज तपासलं का? अशा लेकरायच्या काळजाला लई वेळा छिद्र राहतं. माझ्या हिला बी होतं. दर्शन मागून होईल बाई, आधी दवाखाना गाठा."

रांग सरकली, मायलेकी गाभाऱ्यात उतरल्या. पुन्हा दिसल्या नाहीत. अभिषेक तसाच सोडून मी लेकाला फोन लावला.

नांदेडला छिद्र सापडलं. आणखी उशीर झाला असता तर शस्त्रक्रिया करता आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. गौरी वाचली. मग तिचं रक्त तपासलं, लेक-सुनेचं तपासलं आणि शेवटी माझंही.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक वेळा बीज तयार होताना एखादी जोडी सुटी होत नाही आणि बाळाकडे एकविसावं गुणसूत्र जास्तीचं जातं. तो निव्वळ योगायोग. गौरीचं वेगळं आहे. तिचं जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटून आलंय. तसं चिकटलेलं गुणसूत्र तिच्या वडिलांकडे आहे, आणि आजी, तुमच्याकडेही. तुमच्यात एकूण भरणा बरोबर आहे, म्हणून तुम्हाला त्रास नाही. पुढच्या पिढीत जाताना मात्र कमी-जास्त होतं. कधी गर्भच टिकत नाही."

"आन् ग्रहण?" मी विचारलं.

"त्याचा काही संबंध नाही. यात दोष कोणाचाच नाही."

लेकाच्या आधी माझे दोन गर्भ पोटातच जिरले होते. 'वांझोटी' म्हणून मी ऐकलेलं सगळं कानात घुमलं, आणि ते सोसूनही मी सुनेला काय बोलत आले, तेही.

बाहेर व्हरांड्यात मी संगीताच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं घाईनं मला उठवलं.

"आत्याबाई, असं करू नका. तुमची दोन पोटातच गेली, तवा तुमाला बी लई बोलले असतील ना?"

बस, एवढंच. मी मारलेला एकही टोमणा तिनं परत केला नाही. तिच्यापुढं मी किती लहान होते, ते त्या क्षणी कळलं.

आता मी देवाकडे गौरीला बदलून मागत नाही. कुणाच्या ओटीत काय घालायचं, ते त्याचं त्यानं बघावं. आलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं आणि जिनं ते नऊ महिने वाहिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, एवढंच आपल्याकडे आहे. मला ते फार उशिरा कळलं. पण कळेपर्यंत त्यानं लेकरू माझ्या मांडीवर जिवंत ठेवलं.