पत्र्याचं कुंपण आणि ऑस्बर्टच्या पेट्या

ओल्ड हार्बर गावात ऑस्बर्ट पिनॉकला सगळे सुतार म्हणत, पण ते अर्धंच खरं होतं. त्याने केलेली खुर्ची तीन पायांवर उभी राही; चौथा नुसता सोबतीला असे. स्पीकरच्या पेटीची गोष्ट मात्र वेगळी. नवा सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर, आला की दोन दिवस तो त्याचा पडदा अंगठ्याने दाबून बघे, कागदावर आकडे मांडी आणि मगच प्लायवूडला करवत लावी.

"माप न घेता सूट शिवला तर नवरदेव चर्चमध्ये श्वास कसा घेणार?" तो म्हणे.

"तुझ्या खुर्चीवर मी सहा वर्षं श्वास रोखूनच बसलेय," त्याची बायको यूलाली म्हणे.

अलीकडे गावातली पोरं परदेशातून तयार पेट्या मागवू लागली होती. तेवढ्यात 'ब्लॅक मँगो' साउंडचा, म्हणजे जत्रा-समारंभात गाणी वाजवणाऱ्या स्पीकरच्या ताफ्याचा, मालक लेनवर्थ मायामीहून चार थोराड सबवूफर घेऊन आला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी क्रिकेटच्या मैदानावर शेजारच्या गावाच्या साउंडशी कोणाचा आवाज भारी याचा सामना होता. पेट्या ऑस्बर्टने करायच्या ठरल्या. त्या गाजल्या तर त्याच्या कारखान्याला पुन्हा दिवस येणार होते. फसल्या तर दाराला कुलूपच.

त्याने महिनाभर खपून पेट्या केल्या. हवा बाहेर पडायला प्रत्येक पेटीत हातभर लांब नळी बसवली. नळीच्या तोंडाशी मेणबत्ती धरून, हवेने ज्योत किती हलते ते बघत नळीची लांबी नखानखाने जुळवली. मग लेनवर्थला अंगणात बोलावलं आणि एक रेकॉर्ड लावली. नाद इतका खोल, की यूलालीच्या पोटातला नाश्ता हलला.

लेनवर्थ मात्र कुंपणाकडे बघत होता. "काका, पत्रा गप्प आहे."

आता आमच्याकडे पत्र्याचं कुंपण खडखडलं नाही तर बास झालाच नाही, असा रिवाज. पाद्रीबाबासुद्धा मानतात.

"अरे, पत्रा ज्या सुराला थरथरतो, त्याच्याही खालचा हा नाद आहे," ऑस्बर्टने समजावलं. "नळी आखूड केली तर पत्रा नाचेल. पण खोल सूर लागला की पेटीतली हवा पडद्याला आवरायची नाही. सैरावैरा हलून फाटेल तो!"

प्रवचन ऐकताना जेवणाचा विचार करणारा माणूस जशी मान हलवतो, तशी लेनवर्थने हलवली. पेट्या घरी नेल्या, नळ्या उपसल्या आणि करवतीने निम्म्या करून परत बसवल्या. पत्रा खडखडला. शेजारच्या कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. लेनवर्थ धन्य झाला.

सामन्याच्या दुपारी पहिल्या दोन गाण्यांना मैदानाचं कुंपण थडथडलं आणि लोकांनी खुशीत भांडी बडवली. तिसऱ्या गाण्यात खोल सूर आला. होडीत टाकलेला मासा तडफडावा तसे पडदे तडफडले आणि एकेक करून चारही फाटले.

"मँगो पिकायच्या आधीच गळाला रे!" पलीकडून माइकवर कोणी तरी ओरडलं.

ऑस्बर्टने नळीत हात घातला. बोटांना टोक फार लवकर लागलं, तेही खरबरीत. "लेनवर्थ, ही कोणी कापली?"

लेनवर्थने त्याच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. माइक त्याच्याच हातात होता.

"मंडळी, पिनॉककाकांचं वय झालंय. माप चुकलं बिचाऱ्यांचं. मला वडलांसारखे आहेत, मी काही बोलणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन पोराचं!

"यानेच कापल्यात! ही कड बघा, माझी कड कधी अशी असते का?" ऑस्बर्ट दिसेल त्याला सांगत सुटला. बॅमीच्या भाकऱ्या विकणाऱ्या बाईने त्याचा दंड धरला. "हो रे बाबा, हो. ऊन लागलंय तुला. सावलीत बस."

जानेवारीत कारखान्याकडे कोणी फिरकलं नाही. रविवारी चर्चमध्ये लेनवर्थच्या आईने उभं राहून ऑस्बर्टच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितली. सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं. तिला तरी काय ठाऊक!

घरी येताना यूलाली हळूच म्हणाली, "रागावू नकोस. पण घाईगडबडीत तूच तर नाही ना कापल्यास?"

ऊन डोक्यावर आलं होतं. ऑस्बर्ट तिच्यापेक्षा चार पावलं पुढे चालू लागला, आणि घर येईपर्यंत तसाच पुढे राहिला.