भोवरामामाची नाव

भोवरामामाला कुणी शिवी दिली, की तो ती दुरुस्त करून परत द्यायचा. "ए लंगड्या" म्हटलं की थांबून सांगायचा, "उजव्या पायानं लंगडा. डावा चांगला हाय. नीट म्हना की."

भोवरा हे नाव गावानं ठेवलेलं. वारणेवर मासे धरायला आमच्याकडे गूळ शिजवायची जुनी, पसरट काहील नावेसारखी पाण्यात सोडतात. मामाला गळ टाकायचा नाद होता, पण काठावरून काहिलीत उचलून ठेवायला चार जण लागायचे. ते ठेवायचे, वल्हं काढून घ्यायचे आणि काहिलीला लाथ मारायचे. मामा मधोमध गरगर फिरायचा, काठावर टाळ्या पडायच्या. याला गंमत म्हणत. या एका शब्दाखाली आमच्या गावानं किती नीचपणा झाकलाय!

मग त्यानं कयाक, एकट्यानं वल्हवायची प्लास्टिकची नाव, घ्यायची ठरवली. आपल्या हातानं जायचं, आपल्या हातानं परत यायचं, एवढंच मागणं. कोल्हापूरच्या दुकानात मी सोबत होते. दुकानदार लांब, निमुळती, वेगाची दाखवत होता. मामा सगळ्या बाजूला सारून एका रुंद, बुटक्या कयाकमध्ये दुकानाच्या फरशीवरच बसला, दोन्हीकडे अंग टाकून पाहिलं आणि म्हणाला, "हीच. म्हशीसारखी हाय. पाडायची न्हाय."

आणायला मामाच्या थोरल्या भावाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली होती. बांधायला तेच चौघे, आपणहून आलेले. मी एसटीनं पुढं आले; वाटेतलं मामानंच नंतर सांगितलं. त्यांनी कयाक उसासारखी आवळली, दोरीत दांडकं घालून, पीळ देऊन. मामा ओरडला, "ढिलं बांधा रं, ऊस न्हाय त्यो!" पेठ वडगावला ते जेवायला उतरले. भर उन्हात, मे महिन्यात, मामाला ट्रॉलीतून कुणी उतरवलं नाही. प्लास्टिक तापून मऊ झालं, बूड त्याच्या डोळ्यांदेखत आत बसत गेलं. पिळाची गाठ त्याच्या बोटांना सुटेना. त्यानं हाका मारल्या. खानावळीतून उत्तर आलं, "गप बस, न्हायतर तुला बी बांधू."

बूड बसलं ते बसलंच. नाव सरळ जाईना, डावीकडे ओढायची. मामानं त्यावर स्कूटरची जुनी सीट बसवली, गळाच्या काठ्या रोवायला पाइपचे तुकडे बांधले, नांगर म्हणून तालमीतलं तुटकं वजन घेतलं. आणि घसरत घसरत, स्वतः, आत बसला. गाव भोवरा बघायला जमलेलं. तो डाव्या हाताचं वल्हं जास्त मारत सरळ पलीकडं गेला, गळ टाकला, सरळ परत आला. टाळी एकही पडली नाही.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"पानी बी उचलतंय मला," तो म्हणाला. "पर हसत न्हाय."

त्यानंतर तो रोज जायचा. दोन पावसाळे गेले. मग काविळीनं तो गेला, आणि त्याला उचलायला तेच चौघे पुढं होते.

परवा थोरल्याच्या गोठ्यात गेले. नावेत पेंड कालवलेली, दोन म्हशी तोंड घालून खात होत्या. पाइपचे तुकडे अजून तसेच होते. चौघांतला एक तिथंच तंबाखू मळत होता. हसून म्हणाला, "भोवऱ्याची गव्हाण लई झ्याक झाली बघ."

मी थांबले.

"नाव हाय ती," मी म्हणाले. "सरळ जायची. बूड तुम्ही बसवलंय. नीट म्हना की."