आमच्या तांड्यात उंट कुठून आले?

गेल्या रविवारी पांढरकवड्याला भर मीटिंगमध्ये माझी फजिती झाली... आणि ती माझ्या आईनं केली. सगळं सांगतो, हसायचं तेवढं हसून घ्या.

माझं वेड तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. हायवेवरच्या त्या थीम पार्कला मी वर्षातून चारदा जातो. बायकोनं सोबत यायचं केव्हाच सोडलं. पार्कच्या वेड्यांचा आमचा एक ग्रुप आहे, 'पाळणेवाले'. कुठला पाळणा बंद पडलाय, कुठल्या घसरगुंडीचा वेग कमी केलाय, यावर तिथं मोठी मोठी माणसं तावातावानं भांडतात.

महिन्याभरापूर्वी पार्कनं एक चित्र टाकलं. जुना भूतबंगला पाडून तिथं नवा भाग होणार... 'बंजारा तांडा'. झालं, ग्रुपवर जी जुंपली म्हणता!

नेरचे विनूभाऊ भूतबंगल्याच्या बाजूनं. लग्नानंतर वहिनींनी त्यांचा हात पहिल्यांदा धरला तो त्या अंधारात, त्यामुळे त्यांचं दुखणं वेगळं... बाकीचे म्हणत होते, त्या भुतांना आता दुधपितं लेकरूही भीत नाही, पाडा एकदाचा.

मी स्वतः बंजारा. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर वाढलो, आता यवतमाळला बँकेत आहे. चित्र पाहून आधी छाती फुगली... मग नीट पाहिलं. सगळीकडे वाळू, उंटांची रांग आणि त्यांच्यापुढं नाचणाऱ्या बाया. अरे, आमच्या लोकांनी धान्य आणि मीठ वाहिलं ते बैलांच्या पाठीवर! आमच्या घराण्यात उंट कुणी पाळल्याचं ऐकिवात नाही.

मी लांबलचक कॉमेंट ठोकली. आमचं खरं रूप दाखवा, आमचा पोशाख, आमची ओळख वगैरे वगैरे. खाली विनूभाऊंनी लिहिलं, "लेकराइले उंटावर बसाचं आहे, तू कायले इतिहास शिकवून राह्यला?" मी पेटलो. आठवडाभर नुसती भांडणं.

शेवटी पार्कवाल्यांनीच आम्हाला मीटिंगला बोलावलं. चित्र काढणारी मुलगी पुण्याहून येणार होती, घरातलं जाणतं माणूस असेल तर घेऊन या म्हणाली. मी याडीला घेऊन गेलो. आमच्यात आईला याडी म्हणतात.

आता कबूल करायला लाज वाटते ती गोष्ट... याडी आजही फेटिया-कांचळी घालते. आरसे लावून भरतकाम केलेला मोठ्या घेराचा घागरा आणि तशीच चोळी. निघताना मी तिला म्हटलं, "याडी, आज साडी नेस ना. लोक टक लावून पाहतात." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं सुनेची साडी नेसली.

वर्षानुवर्षं हेच करत आलोय मी. कॉलेजच्या कार्यक्रमाला, लग्नाच्या बोलणीला, बँकेतल्या सत्काराला... आणि वर ग्रुपवर ओळखीवर भाषणं झोडतो.

मीटिंगमध्ये याडीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि पहिलाच प्रश्न केला, "हे उंट कोणाचे होत?" सगळे हसले. मग तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. मुक्काम पडला की बैलांवरच्या गोण्या उतरवायच्या आणि चारी बाजूंनी भिंतीसारख्या रचायच्या. चूल आत, लेकरं आत. "तुमच्या चित्रात लेकरं बाहेर, कुंपणापाशी उभी. लेकरं कोणी बाहेर ठेवते का?"

ती मुलगी भराभर लिहून घेत होती. सगळ्यात आधी फिरले ते विनूभाऊ. "गोण्याइची भिंत म्हणजे लेकराइले चढाले, लपाले मस्त जागा!" पाच मिनिटांत ते भिंतीमागं छोटासा भूतबंगला बसवायच्या तयारीलाही लागले होते...

मग त्या मुलीनं विचारलं, "आजी, बायकांचा पोशाख बरोबर काढलाय का? तुम्ही घालता का अजून?"

"घालतो ना. रोज घालतो."

"मग आज?"

याडीनं माझ्याकडं बोट केलं. "या पोराले माही लाज वाटते."

आवाजात राग नव्हता. पाऊस पडून राह्यला असं सांगावं तितक्या साधेपणानं ती बोलली, आणि मला कुठं पाहावं कळेना. विनूभाऊ आता माझी पिसं काढणार असं वाटलं... पण त्यांनी फक्त पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. 

मुलगी म्हणाली, पोशाखातला एखादा फोटो असेल तर पाठवा. मी फोन उघडला. पाळण्यांचे शेकडो फोटो. याडीचे मोजून तीन, तिन्हींत साडी.

परत येताना गाडीत कसंबसं म्हटलं, "याडी, चुकलो." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले माहीत आहे. भूक लागली, थांबून भजे घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तासभर लावून सगळा साज केला. फेटिया, कांचळी, दंडापर्यंत बांगड्या, केसांत चांदीचे दागिने. मी फोन धरला तर म्हणे, "तूही ये ना इथं." मग आम्हा दोघांचा फोटो बायकोनं काढला, आणि तोच मी त्या मुलीला पाठवला.

काल नवं चित्र आलं. उंट गेले, बैल आले, गोण्यांची भिंत आली, आणि लेकरं आत आली. अजून सगळं कागदावरच आहे, मंजुरी बाकी आहे, भूतबंगल्यावरून भांडणही सुरूच आहे... पण होईल असं मनापासून वाटतं.

आज ग्रुपवर मी तो आमचा दोघांचा फोटो टाकला. इतिहास नाही, भाषण नाही. खाली फक्त एवढंच लिहिलं... 'ही माझी याडी.'

चाळिशीला आलोय. हे तीन शब्द लिहायला फार उशीर केला मी... तिनं तोवर वाट पाहिली, हे तिचे उपकार.