पाहुण्यांसाठी केलेला धूर

कापसाचे दिवस फिरले आणि बोरी अरब गावाजवळचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं. बाबा तिथले चौकीदार. गेटजवळची खोली हेच आमचं घर. मालक टिनाची शेड मोडून विकायला निघाला होता. शेड गेली की खोलीही जाणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात जंगल खात्याचे एक साहेब आले. शेडच्या आढ्याला लटकलेली वटवाघळं पाहून हरखलेच. म्हणाले, यांना सरहद्दी कळत नाहीत, म्हणून कितीतरी देशांनी मिळून यांना राखायचं ठरवलंय. रविवारी बाहेरदेशचे अभ्यासक येतील. त्यांना जागा पटली तर शेड मोडू देणार नाही.

बाबा हसले. "आपल्या गावात नळासाठी दोन मोहल्ले एक होत नाहीत साहेब, आन् याईच्यासाठी देश एक झाले?" पण त्या दिवसापासून ते वटवाघळांना 'आपली मंडळी' म्हणू लागले.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "पाव्हणे येऊन राह्यले, आन् हे घान अशीच ठेवता काय?" आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे आधी झाडलोट, मग कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. त्याशिवाय जागा साफ झाली असं कुणी मानत नाही. बाबांनी सगळी शेड झाडली, चारी कोपऱ्यांत पाला पेटवला आणि धूर चांगला मुरावा म्हणून दारं ओढून घेतली.

ती उघडली पाहुण्यांसमोरच. बाबांच्या हातात हार होता. मोठी वटवाघळं पत्र्याच्या फटींतून निघून गेली होती. पिल्लांना उडता येत नव्हतं. झाडलेल्या जमिनीवर ती मरून पडली होती.

एक परदेशी बाई खाली बसली, एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि रडायला लागली.

"हे काय केलंत?" साहेब ओरडले.

"पाव्हण्यायसाठी साफ केलं, साहेब."

त्या साहेबांचा मला अजून राग येतो. देशोदेशींचं सगळं सांगितलं. धूर करू नका, एवढं सांगायला काय झालं होतं?

शेड मोडली. आम्ही गावात भाड्याच्या खोलीत आलो. तिथेही पाहुणे यायचे, आई पाला आणायची. बाबा तिला थांबवत. आधी दारं-खिडक्या सताड उघडत, मग मान वर करून आढ्याकडे पाहत विचारत, "वर कोनी हाय काय?"