शर्ट घातलेली बाई

"हिचा शर्ट काढ."

सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. समोर टॅबवर मी काढलेली बाई होती. दुपारच्या चहाची वेळ, त्यामुळं ऑफिसातले सगळेच कप घेऊन जमलेले. पाच पुरुष आणि मी.

मी म्हणाले, "सर, शर्ट कसा काढणार? ती ऊस तोडतेय. उसाच्या पानानं हात फाटतात. फडात सगळ्या बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, फुल बाह्यांचा."

"अगं, ही फडातली बाई नाहीये. तेजवंती आहे. सुपरहिरॉइन. शर्टातली बाई बघायला कोण येणार आहे?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या डोळ्यांदेखत शर्ट पुसला. मग खांदे पुसले. मी त्या खांद्यांवर दोन दिवस घालवले होते. ते माझ्या आईचे खांदे होते. कंबर निम्मी केली, छाती फुगवली, डोक्यावरची उसाची मोळी उचलून नुसती कमरेला टेकवून दिली.

"हमाल वाटत होती," सर म्हणाले. शेजारच्या टेबलावरचा नितीन मागं फिसकन हसला. "आता असं कर. छाती आपल्याकडं आणि मागची बाजू पण आपल्याकडं. एकाच चित्रात दोन्ही दिसलं पाहिजे."

"असं माणूस उभं राहत नाही सर."

"राहतं की. ऊठ. उभी राहून दाखव."

आणि मी उठले. हेच मला अजून पचत नाही. मी उठले. पाच माणसांसमोर कंबर पिळली, छाती पुढं काढली, मान मागं टाकली. पाठीत उसण भरली. सरांनी मोबाईलवर फोटो काढला. "जरा ओठ उघड," म्हणाले. मी ओठ उघडले. कुणीतरी शिट्टी घातली. रफिकभाई, आमच्यातले सगळ्यात वयस्कर, ते तेवढे कपात बघत बसले.

"जमतंय जवळपास," सर म्हणाले. "राहिलेलं चित्रात वाढव."

हे उभं राहणं आमच्याकडं नवीन नव्हतं. नगरला सावेडीत एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. मोबाईलवर वाचायची सुपरहिरोंची कॉमिक तिथं तयार व्हायची. सरांचा पहिल्यापासूनचा नियम होता: जे अंगाला जमत नाही ते चित्रात येणार नाही. पोजबद्दल शंका आली की ज्याला ती पोज पाहिजे त्यानं स्वतः उभं राहायचं, फोटो काढायचा, मग चित्र. आमचा हिरो लोहबळी. त्याच्यासाठी नितीन टेबलावर चढायचा, झाडूची तलवार करायचा, सर स्वतः जमिनीवर लोळून दाखवायचे. धमाल असायची. लोहबळीचा गुडघा एवढासा चुकला तर सर चार वेळा परत काढायला लावायचे. "मोडेल ना रे त्याचा पाय!" म्हणायचे. लोहबळीच्या पायाची एवढी काळजी. तेजवंतीचा कणा मोडला तरी कुणाला सोयरसुतक नाही.

माझी माणसं कर्जत तालुक्यातली, मिरजगावच्या अलीकडची. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघायची कोपरगावकडं, साखर कारखान्यावर. मी पण लहानपणी गेलेय. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून कोपीसमोरच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या खोपटासमोरच्या दगडावर चित्रं काढायचे. बैल, ट्रॅक्टर, आई. आई सगळ्यात जास्त. कारण आई हलायची लई भारी. मोळी डोक्यावर घेऊन ती उभ्या फळीवरनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायची. मान ताठ, पाय तिरका, एक हात मोळीला, एक हात मोकळा. फळी खालीवर व्हायची आणि आई नाही. आमच्या टोळीत तिच्याएवढं झपझप चढणारं दुसरं कुणी नव्हतं, पुरुषसुद्धा नाही. मला वाटायचं, आपली आई उडू शकते.

म्हणून सरांनी जेव्हा सांगितलं की लोहबळीला जोडीला एक बाई पाहिजे, आपल्या मातीतली, तेव्हा मी विचारच केला नाही. मोळी उचलणारी बाई. फळीवरनं आभाळात चढणारी. मी आईला फोन केला, तिचा जुना शर्ट मागवून घेतला, निळ्या चौकड्यांचा, कोपरावर ठिगळ असलेला. खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि त्याच्याकडं बघून सुरकुत्या काढल्या.

"आई, तुला काढतीय मी," मी फोनवर म्हणाले.

"मला? मला काय काढती, येडे! माजं त्वांड बग!" असं म्हणाली खरी. पण खुशीत होती.

शर्ट पुसला त्या दुपारी मी चित्र पूर्ण केलं. कुणी माझा हात धरून काढून घेतलं नाही. माझ्याच हातानं. सरांनी फोटो पाठवला, मी तो समोर ठेवला आणि माझंच पिळलेलं अंग बघून बघून तेजवंती काढली. राहिलेलं वाढवलं. का काढलं? खुर्ची होती. पंखा होता. घरातली मी पहिली, जिच्या हातात कोयता नाही. कारणं भरपूर आहेत, पण त्यातलं एकही मला पटत नाही. कव्हरवर खाली माझं नाव आलं. नितीन म्हणाला, "पार्टी पाहिजे हां!"

आईला मी काही सांगितलं नाही. मूग गिळून बसले. वाटलं, ती कुठं बघणारे?

जानेवारीत दोन दिवस सुट्टी मिळाली तशी मी कोपरगावला गेले. टोळी एका मोठ्या फडात होती. ट्रॉली भरायची चालली होती. मी लांबूनच फळीकडं बघत आले. फळीवर वडील होते. एक मोळी टाकायची, खाली यायचं, दुसरी घ्यायची. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांचं काम एकच. आणि इथं वडील एकटेच चढत होते, धापा टाकत. आई खाली मोळ्या बांधत बसलेली.

मी घाबरले. "पडली का? कंबर धरली का तुझी?"

"न्हाई गं. बरी हाय मी."

"मग चढत का नाहीस?"

आईनं मोळीला उसाच्या हिरव्या वाढ्याची गाठ आवळली. दात लावून आवळली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "खाली हुभे ऱ्हात्यात."

"कोण?"

"सगळेच. मी फळीवर गेले की मोबाईल काडत्यात, आन् वर बगत्यात. म्हन्त्यात, तेजवंती चडली."

आईनंच सगळ्या टोळीला सांगून ठेवलं होतं. माज्या लेकीनं माजं चितार काडलंय, मोबाईलात येनार हाय म्हणून. मिरजगावपासून कोपरगावपर्यंत ट्रकमध्ये सगळ्यांना सांगत आली होती. माणसं वाट बघत होती. मग आलं चित्र.

"तू बघितलंस?"

"व्हय." पुढची मोळी ओढत म्हणाली, "त्या बाईला मोळी उचलता येत न्हाई. तशी कंबर वाकडी करून हुभी ऱ्हायली तर मनका जाईल तिचा. आन् उघड्या हातानं उसात शिरली? पान लागलं न्हाई व्हय तिला कुटं?"

आईनं चित्रातली चूक बरोबर पकडली होती. कामाची चूक. बाकीचं ती बोललीच नाही, आणि ते न बोललेलं मला जास्त लागलं.

तेवढ्यात पांडू आला. टोळीतलाच, आमच्या भावकीतला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हातात मोबाईल, त्यावर ते कव्हर. दोघं-तिघं त्याच्यामागं दात काढत.

"काय गं, ही खरंच आमची चुलती हाय का? तुजंच नाव हाय खाली. सांग की!"

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. त्याचा मोबाईल घेऊन पाचटात भिरकावावा असं वाटलं. पण मी काय केलं? मी म्हणाले, "न्हाई. ही माजी आई न्हाई. ही कुनीबी न्हाई."

आई शेजारी बसून मोळी बांधत होती. तिनं ऐकलं. तिनं वर बघितलं नाही. मला वाटलं होतं की मी तिला वाचवतेय. पण जिच्याबद्दल ती सगळ्या टोळीला सांगत फिरली होती, त्या लेकीनं तिच्यासमोर सांगितलं की ही माझी आई नाही. ऑफिसात पाच जणांसमोर वाकले त्यापेक्षा हे वाईट. तिथं माझा अपमान झाला होता. इथं मी केला.

संध्याकाळच्या एसटीनं मी परत निघाले. राहुरीपर्यंत रडले. राहुरीच्या पुढं रडू थांबलं आणि राग आला. सरांचा आला, पांडूचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या उजव्या हाताचा आला.

सोमवारी सर खुशीत होते. तेजवंती चालली होती. नवीन भागाचं कव्हर मलाच दिलं. "या वेळी मागून घे. खाली वाकलीय, मान वळवून आपल्याकडं बघतेय. पावसात भिजलेली. पोज समजली का?"

"नाही समजली," मी म्हणाले. "तुम्ही उभे राहा सर."

"काय?"

"नियम तुमचाच आहे. ज्याला पोज पाहिजे त्यानं उभं राहायचं. राहा उभे. मी फोटो काढते." मी मोबाईल धरला.

हसले सगळे. त्यांना चेष्टा वाटली. मी मोबाईल खाली घेतला नाही तेव्हा हसणं थांबलं.

"बायकांची पोज मी का देऊ?" सर म्हणाले.

"मग लोहबळीला देऊ. हीच. वाकलेली. ओठ उघडे. नितीन, चढ टेबलावर."

"डोकं फिरलंय का तुझं? लोहबळी हिरो आहे. त्याला काम असतं."

"आणि तिला?"

नितीन सरांच्या मदतीला धावला. "ए, लोहबळी तर कमरेच्या वर उघडाच असतो की. आम्ही कधी बोंब मारली?"

मी रफिकभाईंकडं वळले. त्यांनी उभी हयात या जिल्ह्यातल्या तालमींच्या भिंतींवर पैलवान रंगवलेत. नुसत्या लंगोटावरचे. "रफिकभाई, तुम्ही एवढे उघडे पैलवान काढले. कधी एखाद्याला असं पिळून काढलं का?"

रफिकभाई म्हणाले, "वस्तादनं हात तोडले असते बेटा."

"ऐकलं?" मी म्हणाले. "पैलवान उघडा असतो, पण त्याच्याकडं बघून पोरं जोर मारायला लागतात. तुमच्या तेजवंतीकडं बघून माझी आई फळीवरनं खाली उतरली. सगळ्या टोळीत तिच्यासारखं चढणारं कुणी नव्हतं. आता ती खाली बसून मोळ्या बांधते. हे तुमच्या चित्रानं केलं. आणि ते काढलंय मी."

"रडगाणं घरी गा," सर म्हणाले. "दार उघडं आहे. तुझ्यासारख्या पन्नास मिळतील."

खरं आहे. मिळतील. त्यांनी ते कव्हर त्याच दिवशी नितीनकडं दिलं, मला नंतर कळलं. रफिकभाई माझ्यामागं उठून आले नाहीत. माझी तशी अपेक्षापण नव्हती, त्यांच्या घरी खाणारी सात तोंडं आहेत.

मी खुर्चीवरचा आईचा शर्ट उचलला. तिथंच, सगळ्यांसमोर, ड्रेसवर घातला. खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. सगळे बघत होते. बघू दे. मग जिना उतरले.

ते चित्र अजून फिरतंय. मोबाईलवर आलेली गोष्ट पुसता येत नाही, आणि खाली माझं नाव आहे. आई अजून फळीवर चढलेली नाही. मी फोन केला की जेवलीस का विचारते, दुसरं काही नाही. मी तिची माफी मागितली नाही. नुसत्या शब्दांनी मागितलेली माफी मला नको आहे.

आता खोलीत टेबल आहे, कागद आहे, शर्ट खिळ्याला टांगलाय. मी पहिल्यापासून काढतेय. खांदे आधी. मग मान. मग ठिगळ. मणका सरळ, कारण डोक्यावर मोळी आहे. पाय फळीवर तिरका. अजून पाय नीट येत नाही. येईपर्यंत काढीन. आणि झालं की पहिल्यांदा कुठल्या ऑफिसात नेणार नाही. कोपरगावच्या त्या फडात नेईन, ट्रॉलीपाशी, भर दुपारी, सगळी टोळी हजर असताना. पांडूच्या नाकासमोर धरीन आणि मोठ्यानं सांगीन, ही माजी आई हाय.